डोंगा बुडाल्याचं कारण

गुरुवार, दि. २२ मे २०२५, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटे
बेंबळा धरणाचा काठ, ता. बाभुळगाव

आदरणीय नजीरचाचा यांस,

संघदीपचा जयभीम आणि सलाम. आयशाचाचींनाही सांगावा.

आत्तापर्यंत मी डोंग्याचा गाळ खरवडत होतो. मग हात दोनदा धुतले आणि लिहायला बसलो. डोंगा पालथा घातला आहे, त्याच्याच तळावर वही ठेवली आहे. पत्रा तापलेला असल्यामुळे खाली गोणपाट घातलं आहे.

तुम्ही विचाराल, कोणता डोंगा? तुम्ही बनवलेलाच, अठरा फुटी. तो सापडला.

पण आधी इकडची खुशाली. बाभुळगावातल्या तुमच्या दुकानाचं शटर ठीक आहे. मी महिन्यातून एकदा कुलपात तेल सोडतो. शटरवरचं ‘नजीर वेल्डिंग’ अजून वाचता येतं. आईचा गुडघा बरा आहे. पांढरकवड्याला हायवेवर ट्रकची कामं दिवसभर असतात म्हणे. डोळ्यांना जपा. चष्मा लावल्याशिवाय वेल्डिंगला बसू नका, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

यंदा धरणाचं पाणी फार उतरलं. गेल्या शनिवारी जुन्या गावाच्या जागेवर मानीबाईला डोंग्याचं नाक दिसलं. रविवारी आम्ही अकरा जणांनी जाड दोराचा सोल बांधून ट्रॅक्टरने तो ओढून काढला. आत घोट्याच्या वर गाळ, एक जिवंत मांगूर मासा आणि विक्कीची चप्पल निघाली. विक्कीने ती धुऊन पायात घातली आणि कपाळावर हात मारला. “दुसरी मी तवाच फेकून देल्ली ना बे!” सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण माझं लक्ष तळाकडे होतं.

चाचा, तुमचा एकही जोड उघडलेला नाही. मी चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिलं. पट्ट्या जशाच्या तशा आहेत. भोक आहे ते मधल्या अखंड पत्र्याला आहे, तळहाताएवढं, कडा आत वळलेल्या. म्हणजे खालून काहीतरी घुसलं.

५ मे २०२३ ला डोंगा बुडाला तेव्हापासून लोक काय काय म्हणाले ते माझ्या वहीत तारखेनिशी आहे. मानीबाई म्हणाली, “जुन्या गावानं आपला हिस्सा घेतला.” संस्थेचे अध्यक्ष खेमसिंग म्हणाले, डोंग्यात पाच माणसं म्हणजे जास्तच झाली. चहाच्या टपरीवर मात्र एकच कारण चाललं, ते म्हणजे नजीरचं वेल्डिंग कच्चं. मच्छीमार संस्थेने तेच धरलं आणि डोंग्याच्या कामाचे तुमचे नऊ हजार अडवले. त्यानंतर कोणी तुम्हाला कुंपणाचं फाटकसुद्धा सांगितलं नाही.

मी वाचनालयात समुद्रातल्या जहाजांबद्दल वाचलं. माझं शिक्षण नववीपर्यंत, म्हणून सावकाश वाचलं. वादळ, खडक, जादा माल, अशी कारणं दिलेली असतात. पण पुष्कळ ठिकाणी शेवटी एक माणूस निघतो, ज्याला खडक ठाऊक होता. आपला डोंगा अठराच फुटांचा. कारण तेच.

आता लिहितो. दोन पानं मी इकडचं तिकडचं लिहीत आलो, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

धरणासाठी गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं, दारं, विटासुद्धा नेल्या. विहारापुढचा पंचशील ध्वजाचा लोखंडी खांब मात्र कोणी कापला नाही. ध्वज उतरवून नव्या गावात नेला, खांब तसाच राहू दिला. दर बुद्धपौर्णिमेला आम्ही डोंग्याने त्या जागेवर जातो आणि पाण्यात फुलं सोडतो. खांब पाण्याखाली असतो, म्हणून खुणेसाठी त्याला तेलाची पांढरी रिकामी कॅन बांधलेली असायची. ती तरंगायची. ते काम माझं होतं, मी नीटनेटका म्हणून.

डोंगा बुडाला त्या वर्षी जानेवारीत माझं जाळं कॅनच्या दोरीत अडकलं. मी दोरी सोडली आणि कॅन घरी आणली. उद्या बांधू म्हटलं. बांधली नाही. आईने तिच्यात पिण्याचं पाणी भरायला सुरुवात केली. पौर्णिमेला वल्हं माझ्याच हातात होतं. पाणी उतरलेलं दिसत होतं. जागा मला डोळे मिटूनही सापडते, म्हणून मी बांबू टाकून खोली पाहिली नाही. खालून आवाज आला तेव्हाच मला कळलं होतं.

पाचही जण पोहून निघालो. काठावर तुम्ही आलात. सगळे ओरडत होते आणि तुम्ही माझ्याजवळ येऊन हळू विचारलंत, “बेटा, वल्ह्यावर तू होता. सच सांग, जोड उघडला काय?”

मी म्हणालो, “दिसलं नाही, चाचा.”

संस्थेचं सभासदत्व मला तेव्हा दीड महिना आधीच मिळालं होतं. ते जाईल अशी भीती वाटली. एवढंच कारण आहे. तुम्ही गाव सोडून गेलात त्या दिवशी मी स्टँडवर आलो होतो, पण रसवंतीच्या मागे उभा होतो.

आज सकाळी दहा वाजता संस्थेची बैठक झाली. मी वहीतून वाचून दाखवलं, कारण पाहून बोललो नसतो तर काहीतरी गाळलं असतं. वाचून संपलं. मग मानीबाई म्हणाली, “काहून रे, दोन वर्षं तोंडात पाणी धरून बसला होता काय?”

खेमसिंग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मंग आमी नजीरभाईचे पैसे कायच्यावर अडवले? हे पैसे आता तू भर.”

मी हो म्हणालो. सभासदत्व राहिलं. मी घरी जाऊन तीन भाकरी खाल्ल्या. आईने विचारलं, “आज काय झालं तुले?” मी कॅन मागून घेतली. खांब सध्या पाण्याबाहेर हातभर दिसतो, एका बाजूला वाकला आहे. चिखलातून जाऊन मी कॅन बांधून आलो. गाठ तीनदा ओढून पाहिली. येताना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि मी गाणं म्हणत होतो, असं विक्की सांगतो.

संस्थेला पावसाळ्यानंतर दोन नवे डोंगे हवे आहेत. खेमसिंग म्हणाले, “नजीरभाईले इचार, येतात का. आमी कोन्त्या तोंडानं इचारावं?” म्हणून मी विचारतो आहे. माझंही तोंड तेच आहे, पण आता धुतलेलं आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी कुलपात तेल सोडणं मी थांबवणार नाही.

विक्की शनिवारी पांढरकवड्याला येतो आहे. हे पत्र आणि पाकीट तो तुमच्याच हातात देईल.

जो वल्ह्यावर होता आणि ज्याला दिसलं होतं, तो तुमचा
संघदीप मुनेश्वर

ता. क. हिशेब:
सोल – ३४० रु.
ट्रॅक्टरचं डिझेल – ९०० रु.
चहा-भजी, अकरा माणसं – २७५ रु.
एकूण खर्च – १,५१५ रु. (मी दिले.)
तुमची अडवलेली बाकी – ९,००० रु.
पैकी पाकिटात – ४,००० रु. (मोजून घ्यावेत.)
राहिलेलं देणं – ५,००० रु. जून ते ऑक्टोबर, दरमहा एक हजार.
डोंग्याच्या भोकाचं ठिगळ – खर्च शून्य. यवतमाळचा एक वेल्डर सहाशेत करतो म्हणाला. त्याला मी हात लावू दिला नाही.