सम्यकला शेंगदाणा

९ जानेवारी, अकोला
सम्यकला सहा महिने पूर्ण. वजन सात किलो चारशे. मान पक्की, टेकून बसतो, आमच्या ताटाकडे पाहून तोंड हलवतो. वैशालीचं अंगावरचं दूध चालूच आहे. वरचं सुरू करायचं म्हणून माय-लेकराला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. मनात माझी यादी तयार होती. नाचणीची पेज, घट्ट वरण, केळं, गाजर. बाईंनी सगळी मान्य केली. मग म्हणाल्या, "याच्या बहिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ना? तर मग याला शेंगदाणा लवकर द्यायचा. याच महिन्यात."
 ऑटोत बसल्यावर वैशाली म्हणाली, "आई, त्या चुकून तर नाही ना बोलल्या?"

१० जानेवारी
बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली एकोणीस दर्यापूरकडच्या खेड्यांत. शेंगदाणा, अंडं वर्षाच्या आत नको. घरात कुणाला दमा असला तर तीन वर्षं नको. किती जणींना सांगितलं असेल. आम्हाला तसंच शिकवलं होतं. आमच्या यांना लहानपणापासून दमा, म्हणून सम्यकच्या बहिणीच्या, मैत्रीच्या वेळी वैशालीलाही तेच सांगितलं. तिने तंतोतंत पाळलं.
मग मैत्री साडेतीन वर्षांची असताना मोर्शीच्या लग्नात चिक्कीचा एक तुकडा. ओठ सुजले, अंगभर गांधी, श्वासाला शिट्टी. जीपमध्ये नाडी धरून मीच बसले होते. दवाखान्यात इंजेक्शन बसलं, दहा मिनिटांनी "आजी, पाणी" म्हणाली.
आता ती सात वर्षांची. यावर वैशाली आणि मी कधी बोललो नाही.

१३ जानेवारी
आज एकटीच बाईंकडे गेले. विचारायचं ते विचारलं. माझ्यामुळे झालं का?
"कोणीच सांगू शकत नाही, सिस्टर. लवकर देऊनही काहींना होते. पण लवकर दिल्याने शक्यता कमी होते, हे आता कळलंय. तेव्हा तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही सांगितलं."
ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.
सम्यकच्या गालावर थोडी कोरडी खाज आहे, बहीण ॲलर्जीची, म्हणून पहिला घास त्यांच्या दवाखान्यात, त्यांच्यासमोर. घरी नाही. दाणा नाही, कूटही नाही, घशात अडकतं. अगदी गुळगुळीत वाटून, पातळ करून.

१६ जानेवारी
मैत्री सुट्टीत येते म्हणून चार वर्षं या घरात शेंगदाणा नव्हता. यांना शेंगांचा भारी सोस. चौकात उभं राहून खातात, नळावर चूळ भरतात, मग घरात येतात. आज मी स्वतः पावशेर आणायला सांगितले तर माझ्याकडे पाहतच राहिले.
भाजले, टरफलं काढली, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले. मीठ-साखर काही नाही. वासाने वैशाली उठून गच्चीवर गेली.
अमरावतीहून जावयांचा, प्रशांतरावांचा फोन. "आई, मी येऊ काय?" मैत्रीची शाळा आहे, तिथेच राहा म्हटलं. वैशालीची बालसंगोपन रजा मार्चपर्यंत आहे, तोवर बापलेक दोघंच तिकडे.

१७ जानेवारी
दिला.
१०.४० – चमच्याच्या टोकावर, कोमट पाण्यात पातळ केलेला. तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं.
१०.५० – काही नाही. उरलेला हळूहळू.
११.०५ – हनुवटीवर लाल. मी बाईंना हाक मारली. बाईंनी पाहिलं. "पुसून पुसून लाल केलंय तुम्हीच." खरंच मीच पुसत होते, दर मिनिटाला. थोड्या वेळात गेलं.
वैशाली पूर्ण वेळ त्याच्या छातीवर हात ठेवून होती. साडेबाराला तो झोपला तर घाबरून उठवला बिचाऱ्याला. उठला, आमच्या दोघींकडे पाहून हसला. एक वाजता घरी.
आता आठवड्यातून तीनदा. मंगळ, गुरू, शनी. सोडायचं नाही म्हणाल्या.

२६ जानेवारी
शाळेतलं झेंडावंदन करून बापलेक बसने आले. शनिवारनंतर शेंगदाणा दिलेला नाही. भांडं, चमचा वेगळा, ओटा दोनदा पुसला, सम्यकला आंघोळ. मैत्रीने त्याला मांडीवर घेतलं आणि सोडेचना. त्याच्या कानात शाळेतलं काय काय सांगत होती.
दुपारी फ्रिज उघडला. डब्यावर मी लाल अक्षरांत लिहिलं होतं, तिला आता वाचता येतं.
"आजी, त्याले शेंगदाणा देऊन राहिली तू?"
सांगितलं. लहानपणी थोडं थोडं दिलं तर अंगाला सवय होते, त्याला तुझ्यासारखा त्रास होऊ नये म्हणून.
"मग मले काहून नाई दिला लहानपणी?"
वैशाली दारात उभी होती. मी म्हटलं, "मीच नको म्हटलं होतं. तेव्हा मले वाटे, न देणंच चांगलं हाय."
विचार केला तिने. "मग आता दे थोडासा."
"आता नाई देता येत, पिल्लू."
रडली नाही. सम्यकला यांच्याकडे दिलं आणि गच्चीवर जाऊन बसली. मी मागून गेले तर म्हणाली, "तू खाली जाय."
खाली आले.

२७ जानेवारी
ते दोघं सकाळी गेले. जाताना मैत्रीने मला पापा दिला, पण रोजच्यासारखा गळ्यात पडून नाही.
भाजी निवडताना वैशाली म्हणाली, "मी तुले कधी काई म्हटलं काय, आई?"
"नाई म्हटलं."
"मग?"
"म्हटलं असतं तर बरं झालं असतं."
मेथीची अख्खी जुडी निवडून झाली. मग ती म्हणाली, लग्नात चिक्की मीच दिली होती तिले. तिने मागितली, मी मोडून दिली. तुले वाटते तुयामुळे, मले वाटते मायामुळे.
चार वर्षं एकाच गोष्टीसाठी दोघी आपापल्या घरात कुढत होतो.
दुपारी सम्यकचा मंगळवार. आज वैशालीने स्वतः भरवला.

१९ फेब्रुवारी
अंडं सुरू होऊन दोन आठवडे. पूर्ण उकडून, कुस्करून. काही नाही. गहू, दही, तूर, सगळं चालू. गाल नितळ. वांग्याची भाजी मात्र थुंकून देतो. हे म्हणाले, "बरोबर आजोबावर गेला."

१६ मार्च, अमरावती
वैशालीची रजा संपली, तिची शिक्षिकेची नोकरी पुन्हा सुरू. मी सम्यकला सांभाळायला राजापेठेतल्या त्यांच्या घरी. यांना अकोल्याला सोडलंय, भात आणि पिठलं येतं त्यांना.
उद्या इथला पहिला मंगळवार. मैत्री शाळेत गेली की देईन, ती येईपर्यंत सगळं धुऊन घेईन.

१७ मार्च
माझी चूक.
अकराला दिला. मैत्रीची शाळा आज लवकर सुटली, साडेअकरालाच दारात. मी नको म्हणेपर्यंत तिने त्याला उचललं आणि तो तिच्या हातावर ओकला. साबणाने लगेच धुतलं. तरी कोपरापर्यंत गांधी उठल्या. श्वास ठीक, ओठ ठीक. घरात ठेवलेलं औषध दिलं, तिच्या डॉक्टरांना फोन केला, श्वास अडलाच तर द्यायचं इंजेक्शन उशाशी घेऊन चार तास तिच्याजवळ बसले. गांधी दोन तासांत गेल्या.
ती मलाच म्हणे, "आजी, काई नाई झालं, तू नको भिऊ."
वैशाली आली, हात पाहिला, स्वयंपाकघरात गेली आणि तो डबा पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. "या घरात नाई. बस."
तिचं बरोबर आहे. पण मध्येच सोडलं तर सम्यकची सवय जाईल, बाईंनी बजावलं होतं. दोन लेकरं, एकाला जे द्यायचं ते दुसरीच्या जवळही येऊ द्यायचं नाही.

२० मार्च
काल गुरुवार चुकला. घरात कोणी विषय काढत नाही.
वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई एकट्या असतात. कपडे वाळत घालताना त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मग माया घरी आणा ना त्याले. मी तशीही एकटीच जेवतो."
रात्रीच्या जेवणात वैशालीला सांगितलं. ती मैत्रीकडे पाहत राहिली. मैत्रीच म्हणाली, "वर काकूच्या घरी देऊ दे ना, आई. फक्त मले सांगत जा कधी दिला ते."

२१ मार्च
वर दिला. काकूंच्या बाथरूममध्ये आंघोळ, कपडे बदलले, माझी साडी बदलली, दोन तास तिथेच. काकूंनी त्याला खेळवायला पातेली काढून दिली. मैत्रीने कॅलेंडरवर मंगळ, गुरू, शनीला निळे गोल केलेत. त्या दिवशी ती संध्याकाळी आंघोळ झालेल्या सम्यकला फक्त पायाला पापा देते. ते तिचं ठरवणं आहे, आम्ही सांगितलेलं नाही.

११ एप्रिल
सम्यक रांगतो. शनिवारी जिन्याकडे पाहून हात उभारतो. काकूंकडे जायचं त्याला कळतं.

१८ एप्रिल
मैत्रीची वर्षाची तपासणी. तिचे डॉक्टर म्हणाले, तिची ॲलर्जी अजून तेवढीच आहे की थोडी कमी झाली, हे नागपूरला मोठ्या दवाखान्यात पाहता येईल. रक्त तपासतील, आणि त्यांना योग्य वाटलं तर त्यांच्या डोळ्यांदेखत कणभर देऊन पाहतील. सगळी तयारी हाताशी ठेवून. कमी झालेलीच असेल असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं.
वैशाली म्हणते जाऊ. प्रशांतराव म्हणतात, चांगली चालली आहे, कशाला छेडायचं? दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. "आई, तुमी इतकी वर्षं नोकरी केली. तुमीच सांगा."
इतक्या वर्षांत असं विचारल्यावर मी लगेच सांगत आले. आज म्हटलं, "मले माहीत नाई. त्या डॉक्टरांले भेटू, विचारू, मग तिघं मिळून ठरवू."
"चौघं," मैत्री म्हणाली. ती खाली बसून सम्यकला केळं भरवत होती.
प्रशांतरावांनी तिला विचारलं, तुले काय वाटते मग.
"थांब ना, बाबा," म्हणाली, "याचं खाणं होऊ दे."