सरदारानं सोडून दिलेला खुनी

मामा, परवा तुझं सरदाराचं शेवटचं पुस्तक पुन्हा वाचलं आणि पुन्हा चिडले. सगळं पुस्तक कसं झकास! पेशवाईतला तो खानदानी सरदार, लढाईत एक हात निकामी झालेला, कुठेही गेला की पुरुषांच्या बैठकीआधी घरातल्या बायकांशी बोलणारा. गढीवर सून जळून मेलेली. सगळे म्हणतात, समईवर पदर गेला. हा एकटा म्हणतो, खून आहे. आपला जीव नुसता टांगणीला. आणि शेवटच्या प्रकरणात तू काय करतोस, तर त्याच्याच तोंडून वदवतोस की माझी चूक झाली, अपघातच होता, आणि त्याला घोड्यावर बसवून पुण्याला परत पाठवतोस! मुलुंडच्या वाचनालयाच्या काकांनी तुला भर बाजारात गाठलं होतं. "अहो, शेवटाची पार वाट लावलीत की!" तू म्हणालास, "हो, फसला खरा," आणि माझा हात धरून भाजीवाल्याकडे वळलास.

आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. घाटकोपरच्या घरी ती सकाळी चहा करत होती आणि स्टोव्हचा भडका उडाला, असं आजी म्हणाली, बाप म्हणाला, पंचनाम्यातही तेच आलं. दिवसकार्य होईपर्यंत मला तुमच्याकडे आणून ठेवलं. मामी माझी वेणी घालतेय. तू खिडकीपाशी लिहीत बसलायस. मी सहज विचारते, "मामी, आईला तर कावळा शिवला होता, मग ती चहा कशी करत होती?" मामीचा फणी धरलेला हात थांबतो. "कधी गं?" "आदल्या दिवशी. ती गॅलरीत तरटावर बसली होती. मला म्हणाली, शिवू नकोस हं, आजी रागावेल." आमच्या आजीचं सोवळं तुला ठाऊक होतं. चार दिवस सुनेनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे नाही, पाणीसुद्धा वरून ओतायचं. त्या दिवसांत चहा आजीच करायची. खोटं रचताना बाई आपलंच सोवळं विसरली होती.

तू लिहिणं थांबवलंस. नुसता माझ्याकडे बघत राहिलास, आणि मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मामी म्हणाली, "आत्ताच्या आत्ता चौकीत जा." तू म्हणालास, "आणि या एवढ्याशा पोरीला तिथं उभी करून हे वदवून घेऊ? उद्या कोर्ट म्हणेल, पोर बापाची. मग हिला त्याच घरात पाठवायची? आणि हिच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?" खरंच होतं ते. मी तेव्हा अखंड बडबडायचे. तेरावं झालं की बाप मला न्यायला येणार होता, आणि तिथे पोचल्यावर मी हाच प्रश्न आजीला विचारला असता. मामी मला कुशीत घेऊन बसायची ती सोडायचीच नाही. तू मात्र झपाटल्यासारखा लिहीत होतास. शेजारची म्हातारी म्हणाली, "बहिणीची राख निवली नाही नि हा कादंबऱ्या खरडतोय. धन्य आहे बाबा!"

रविवारी दुपारी दोघं आली. माझे कपडे बांधून ठेवायला आधीच निरोप होता. बाप खुर्चीत, आजी पलंगावर, मी मामीच्या मांडीवर. तू म्हणालास, "चहा घेता घेता नवीन सरदार ऐका." बापाला नाही म्हणता येईना. "सरदारवाले लेखक माझे मेव्हणे," असं तोच आळीभर मिरवायचा. त्या आळीत प्रत्येक घरात तुझी पुस्तकं फिरायची. तू वाचायला लागलास. गढी आली, सून आली, आग आली. मग सरदार सासूसमोर उभा राहून विचारतो, "ज्या घरात चार दिवस सुनेची सावली चुलीवर पडू देत नाहीत, त्या घरात ती चुलीपाशी मेली कशी?"

आजी म्हणाली, "कसलं अभद्र वाचन हे! ऊठ रे." बाप उठला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पुढे?" त्यानं विचारलं. तू कागद नीट जुळवलेस. "पुढचं प्रकरण लिहायचंय. छापखाना थांबलाय. खुनी कोण, ते अजून ठरवायचंय." तुझा आवाज शांत होता. बाप म्हणाला, "तुम्हाला काय पाहिजे?" तू म्हणालास, "पोर." आजीनं तोंड उघडलं, तर बाप तिच्यावर खेकसला, "आई, चल!" चहा तसाच राहिला. मामी मला घट्ट आवळून हमसून हमसून रडली.

मोठी झाल्यावर मामीनंच मला सगळं उलगडून सांगितलं, की माझ्या बदल्यात तू छापताना चुलीची समई केलीस आणि खुनाचा अपघात, आणि मी तुझ्याशी किती भांडले! "मला सोडवलंस आणि आईला विकलंस," म्हणाले. तू ऐकून घेतलंस. प्रकाशकानं तुला पुन्हा विचारलं नाही, सरदार तिथेच संपला. माझा संताप तर भाऊबीजेला व्हायचा. बापानं वर्षाच्या आत दुसरी आणली होती, आणि तू दर भाऊबीजेला नवा सदरा घालून घाटकोपरला त्या बाईकडून ओवाळून घ्यायला जायचास! मामी अबोला धरायची. तू म्हणायचास, "तिला भाऊ नाही गं. त्या घराला कळू दे, आता आहे."

तू गेलास त्या वर्षी भाऊबीजेला माझी मीच निघाले. कशाला, ते मलाही नीट माहीत नव्हतं. आजी केव्हाच मेलेली. बाप आतल्या खोलीत खोकत होता, बाहेर आला नाही. त्या बाईनं पाट मांडून ठेवला होता, रांगोळीसकट. मी म्हटलं, "मामा नाहीत आता. मी आलेय." ती रडली, मग तिनं मलाच पाटावर बसवून ओवाळलं. म्हणाली, "तुझे मामा निघताना दर वर्षी उंबऱ्यात उभे राहून मोठ्यानं एकच विचारायचे, 'ताई, स्टोव्ह बरा चालतो ना?' मला आधी वाटायचं, काय बाई विचित्र माणूस! मग एकदा ह्यांचं तोंड बघितलं."

मामा, हे काही कुठे टाकायचं पत्र नाही, म्हणून लिहिते. शेवट फसलाच, यावर मी अजून ठाम आहे. पण त्या दिवशी निघताना मी उंबऱ्यात थांबले आणि तोंड आतल्या खोलीकडे करून तुझ्याहून मोठ्यानं विचारलं, "ताई, स्टोव्ह बरा चालतो ना?" आतलं खोकणं एकदम थांबलं. आणि खरं सांगू, मला फार फार बरं वाटलं.