साठांतल्या एकोणीस जणी

४ जानेवारी २०१२, बुधवार
डिसेंबरची बेरीज झाली. ऑक्टोबरात साठच्या साठ औषधाला आल्या होत्या, आता एक्केचाळीस. एकोणीस गळाल्या! कांचनच्या डोळ्यांत पाणी. एचआयव्हीवर संशोधन करणारी डॉक्टर आणि रडते! म्हटलं, रडून तक्ता भरत नाही.
पण तिची काळजी खरी आहे. औषध सुटलं की आजार उसळतो. आणि फेब्रुवारीच्या अहवालात बायका टिकत नाहीत असं दिसलं, तर कारखान्याच्या टाउनशिपमधली ही बुधवारची औषधखिडकी बंद. मग औषधासाठी गाठा इटारसी.
आकडेवारीसाठी तिनं मला नोव्हेंबरपासून बोलावलंय. दर बुधवारी खिडकीसमोरच्या बाकावर बसते, वही घेऊन. नुसते नंबर, नावं नाहीत. कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबले नाही, आता कशाला?

५ जानेवारी
ह्यांचा टोमणा – "तू क्वालिटीतून रिटायर झालीस, क्वालिटी काही तुझ्यातून झाली नाही."

१२ जानेवारी
रजनी, तिथली समुपदेशक, गळालेल्यांना फोन करणार. तयार असतील त्यांच्या मुलाखती घेणार. त्यांना हवं ते बोलू द्यायचं म्हणे, मध्ये तोंड घालायचं नाही. मी विचारलं, ह्या गप्पा कुठल्या रकान्यात भरायच्या?
कांचन उसळलीच. "काकू, एकोणीस हे तुम्ही सांगितलंत. का गेल्या, ते विचारा ना तुमच्या तक्त्याला! बघू बोलतो का."
उलट बोलते. आवडलं.

२५ जानेवारी, बुधवार
ताप. गेले नाही.

२६ जानेवारी
कांचनचा फोन – एकोणीसपैकी पाच काल आल्या! पाच! आनंद झाला. मग टोचलं – नेमक्या मी नसताना?
योगायोग असेल. एका नगावरून लॉट पास करत नाहीत.

२ फेब्रुवारी
काल बसले. गळालेल्यांतली एकही नाही.

७ फेब्रुवारी
रजनीनं आठ मुलाखती लिहून आणल्या. सात वाचल्या. एकीनं उरलेल्या गोळ्या दिवसाआड खाल्ल्या, संपू नयेत म्हणून. चष्मा काढून ठेवला थोडा वेळ. गप्पा नाहीत ह्या.
सातही जणी एकच म्हणतात – "वहाँ पहचान के लोग मिल जाते हैं।" कोण, ते कुणीच सांगत नाही.
"आठवी कुठाय?"
"ती राहू दे, काकू."
मी हात पुढे केला.

८ फेब्रुवारी, बुधवार
आठवीचे शब्द – "बेंच पर वो क्वालिटी वाली मराठी मैडम बैठी रहती हैं, रजिस्टर लेकर। मेरे आदमी के सेक्शन में थीं। पूरा टाउनशिप पहचानती हैं। मैं गेट से ही लौट आई।"
कुणाची बायको, हे मनात आलंच. झटकलं.
आज गेले नाही. आता जाणारही नाही. सकाळीच कांचनला सांगितलं, सगळ्यांना कळव – मॅडम बंद.
दुपारी तिचा फोन. "काकू, गळालेल्यांतल्या सात आल्या! अजून खिडकी उघडी आहे."
म्हटलं, अहवालात गळतीचं कारण लिही – मोजणारी बाई.
"असं कसं लिहू?"
"शाईनं."