तळाची मूठभर माती

किन्हीराजा, ता. मालेगाव
दि. ९ फेब्रुवारी २०२५

सौ. रुपाबाईले वहिनीचा नमस्कार.

आमी इकडं सारे मजेत हावो. जावईबुवाचा गुडघा आता कसा हाय? तुरीचं आटोपलं, हरभरा सोंगायले आला. फोन काहून नाई केला म्हणसान, तं फोनवर तुमी "बरं हाय वहिनी" म्हणता अन् ठेवून देता. पत्र हातात आलं का माणूस पुरं वाचतेच.

शिवमनं आमाले फिरायले नेलं होतं. कोचीवरून मोठी बोट निघते, लक्षद्वीपची बेटं दाखवते. शिवम, सूनबाई वर्षाराणी, मी अन् तुमचे दादा. बोट कायची, अख्खं गाव होय ते! तुमच्या दादानं पहिल्या दिवशी जे ओकणं धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाई. वावरात सापाले न भेणारा माणूस, नाकाले लिंबू लावून पडून होता. मी मात्र दोन्ही टाईम चांगलं हाणलं.

तिसऱ्या दिवशी एका बेटावर नेलं. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून माणसाले समुद्राच्या खाली उतरवतात, स्कूबा म्हणतात त्याले. छोट्या होडीत आमी बारा जणं. शिकवणारी अंजू नावाची बाई होती, उंच, खांदे रुंद. तिले पाहून मले कोणाची याद आली ते पुढं लिहितो. तिनं इचारलं, "तैरना किसको आता है?" काळे चष्मेवाले जवान पोट्टेबी खाली पाहून राह्यले. अन् माहा हात कवा वर गेला मलेच समजलं नाई.

शिवम म्हणे, "आई, मजाक करून राह्यली का तू?"

मी म्हणली, "तुह्या आत्यानं शिकोलं मले."

छत्तीस वर्षांत हे मी कोणाजवळ पहिल्यांदा बोलली.

मंग अंजू म्हणे, गळ्यातलं काढून ठेवा. मी मंगळसूत्राची पोत काढून तुमच्या दादाच्या हातात देल्ली. ते असे घाबरले का ओकणंच विसरून गेले.

तीच पोत, रुपा. आता माह्यानं तुमी म्हणवत नाई. चारचौघात तुमी अन् विहिरीवर तू, असंच होतं नं आपलं? तं विहिरीवरचंच बोलतो.

माह्या लग्नाले महिनाबी झाला नव्हता. पाणी शेंदता शेंदता पोत तुटली अन् विहिरीत गेली. तू दहावीतली पोरगी, परकर खोचला अन् मारली उडी. पहिल्या बुडीत मुठीत गाळ, दुसऱ्या बुडीत गाळ, तिसऱ्या बुडीत गाळात पोत. मंग मीच तुह्या मागं लागली, मलेबी शिकव म्हणून. तेलाचा रिकामा डबा तू माह्या पाठीले बांधला. दुपारच्याले बाया भाकर खाऊन लवंडल्या का आपण विहिरीत! तुहा नियम एकच होता, तळाची मूठभर माती घेऊनच वर यायचं, नाईतं बुडी खोटी.

समुद्रातबी मी तेच केलं, बाई. अंजूनं हात धरून खाली नेलं. कान ठणकले, तं तिनं दाखवलं तसं नाक दाबून जोर लावला. अन् मंग जे दिसलं, माय वं! पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्याचे मासे, माह्या बोटाजवळून जात होते. एक कासव परातीएवढं, आपल्याच नादात. तळाले गेली अन् मी सवयीनं वाकून मूठभर वाळू उचलली. अंजूनं मान हलवली, मूठ सोडायले लावली. तिथलं काईच वर आणू देत नाई, असा कायदा हाय त्यायचा. बोटातून वाळू गेली अन् मले रडूच कोसळलं. आता रुपाले काय दाखवू? चष्म्यात पाणी जमलं, अंजूले वाटलं समुद्राचंच शिरलं.

आता ज्यासाठी लिहायले बसली ते लिहितो. त्या दिवशी सासूबाईनं माहे ओले केस पाहिले अन् मी म्हणली, "रुपानं ओढलं मले पाण्यात." तू ओढलं नव्हतं. मी माह्या पायानं उतरली होती. तुह्या पाठीवर काठी पडली अन् मी चुलीपुढं भाकर थापत राह्यली. पुढच्या सोमवारी शाळेकडून तुले अकोल्याले पोहायच्या स्पर्धेत जायचं होतं. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. तुले पाठवलं नाई, त्याच उन्हाळ्यात तुहं लग्न उरकलं. तू तवाबी खरं सांगतलं नाई, अन् माहेरी आली तं फक्त मयतीले.

माहं चुकलं, रुपा. माफी मागायले तोंड नाई, तरी मागतो. मी जे पाहिलं ते तुह्या दोन हातांमुळं पाहिलं. या जन्मात मले इतकं मोठं कोणंच काई देल्लं नाई.

वर आल्यावर सर्टिफिकेट भेटते. त्याच्यावर खाली शिकवणाऱ्याचं नाव लिहायची जागा हाय. अंजू आपलं नाव लिहाले गेली अन् मी तिचा हात धरला. जमन तशा हिंदीत तिले सारं सांगतलं, पोत, डबा, काठी, अकोला, सारं. मंग तिनं तिथं तुहं नाव लिहिलं अन् बाजूले आपली सही केली. शिवम म्हणे, "आई, आत्याले फोटो पाठव, असली आपल्याकडं ठेव." मी म्हणली, असली जिचं हाय तिच्याकडंच जाईन. पाकिटात घातलं हाय, इंग्रजीत हाय, नातवाकडून वाचून घे.

तुह्या दादालेबी होडीतच समजलं. दोन दिवस ते माह्याशी बोलले नाई. घरी आल्यावर काई न सांगता उठले अन् विहिरीतला गाळ काढायले माणसं लावून आले.

तुह्या गावची रामनवमीच्या जत्रेची गर्दी ओसरली का अक्षय तृतीयेले ये. मयतीले नाई, माहेराले ये. तुही ओटी मले भरायची हाय. उन्हाळ्यातबी आपल्या विहिरीले दोन पुरुष खोल पाणी राह्यते. तू बुडी मार, मी काठावर बसून तुही पोत सांभाळीन. अन् वर येतानी माती घेऊन ये, आपल्या विहिरीत कोणाचा कायदा नाई.

वाट पाहून राह्यली,
तुही पहिली विद्यार्थीण
सोजर