न भरलेले सात बाजार

प्रति,
मा. सचिव, वित्त (अर्थसंकल्प शाखा),
राज्य सचिवालय, दुसरा मजला.

विषय : मॉसिंत्यूचा बाजार १ एप्रिलपासून दर सोमवारी भरवण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : (१) आपला ९ फेब्रुवारीचा आदेश. (२) आपले २ मार्चचे खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

अर्जदार हॅम्बोर खोंगवीर, वय ५४, मॉसिंत्यू बाजाराचा फी-कारकून, पुढीलप्रमाणे सादर करतो :

१. आमचा बाजार सात नव्हे, पूर्ण आठ दिवसांनी भरतो. अर्जदाराच्या पणजीच्या वेळीही तो असाच भरत होता. यात अर्जदाराचा काही हात नाही. आठ गावं, आठ दिवस, रोज एका गावाची पाळी. आज मॉसिंत्यू, उद्या उमथली, असं करत बायका पाठीवर टोपली टाकून फिरतात आणि नवव्या दिवशी पुन्हा आमच्या फाट्यावर उतरतात. पाळी रविवारी आली तर प्रार्थना चुकू नये म्हणून बाजार शनिवारी उरकतो. या हिशेबानं वर्षात पंचेचाळीस बाजार होतात, एखाद्या वर्षी शेहेचाळीस.

२. आपल्या अंदाजपत्रकात मात्र ते बावन्न होतात. एका बाजाराची फी सहा हजार धरून मॉसिंत्यूच्या नावे तीन लाख बारा हजार जमा दाखवली आहे. अर्जदार दरसाल दोन लाख सत्तर हजार भरतो आणि दरसाल 'वसुलीत कसूर' असा शेरा मिळवतो. असे अकरा शेरे अर्जदाराकडे आहेत.

३. अर्जदार स्वखर्चानं आपल्या शाखेत येऊन गेला. तिथले सहायक बाह (म्हणजे दादा) शानबोर आमच्याच डोंगराकडचे; त्यांची आई विड्याची पानं विकते. त्यांनी क्वाय, म्हणजे पानसुपारी, पुढे केलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, "बाह, मला काय सांगता? आठ दिवसांनी बाजार, हे मला आईच्या दुधाबरोबर कळलंय. पण राज्य आपलं एवढंसं. जमेतला मोठा वाटा दिल्लीहून येतो, त्याला हात लावता येत नाही. खर्चातले पगार, निवृत्तिवेतन, व्याज, त्यांना तर हात लावायची छातीच नाही. मग तोंडमिळवणी करायची कुठं? तुमच्या-माझ्या आईच्या टोपलीत. बावन्ननं गुणलं की तूट बुजते. पंचेचाळीसनं गुणलं की मंत्र्यांचं भाषण पुन्हा लिहावं लागतं, आणि ते छापून झालंय."

अर्जदारानं विचारलं, "पण बाह, ते सात बाजार भरतच नाहीत. त्यांचा पैसा येणार कुठून?"

"येत नाही ना. म्हणून जातही नाही."

४. याचा अर्थ अर्जदाराला घरी परतल्यावर, अंदाजपत्रकाचं खर्चाचं पान उघडल्यावर कळला. राज्यात असे नव्वद बाजार. न भरलेले सात, गुणिले सहा हजार, गुणिले नव्वद : सदतीस लाख ऐंशी हजार. आणि खर्चाच्या पानावर 'ग्रामीण बाजारांची छपरं, दुरुस्ती' या सदरात सदतीस लाख ऐंशी हजार. डिसेंबरात वसुली कमी पडली म्हणून ही रक्कम रद्द होते, मार्चात पुन्हा मांडली जाते. न भरलेल्या बाजारांच्या पैशातून न घातलेलं छप्पर! जमाखर्च इतका चोख जुळलेला अर्जदारानं उभ्या नोकरीत पाहिला नाही. खाली सुकी मासळी घेऊन बसणारी काँग (म्हणजे ताई) त्रिना तेवढी भिजते, पण ती कुठल्याच सदरात येत नाही.

५. एवढ्यावर आम्ही निभावत होतो. परंतु यंदा लेखापरीक्षकांनी विचारलं की हे सात बाजार जातात कुठं. त्यावर अंदाज दुरुस्त करण्यापेक्षा बाजार दुरुस्त करणं सोपं, असं ठरलेलं दिसतं. म्हणून संदर्भ एकचा आदेश.

६. आदेशातल्या सूचनेप्रमाणे १६ फेब्रुवारीच्या सोमवारी चाचणी बाजार घेतला. त्या दिवशी उमथलीची पाळी होती. सकाळी आठपासून मैदानात अर्जदार, जिल्ह्याचे निरीक्षक आणि कुणाची तरी कोंबडी. फाट्यावरून जीप उमथलीला चालली होती. तीत काँग त्रिना. अर्जदारानं हात केला तशी ती ओरडली, "अहो बाबू, गिऱ्हाईक तिकडं आणि मी इथं बसून मासळी डोंगराला विकू? तुमच्या साहेबाला म्हणावं, सोमवार हवा असेल तर माणसंही सरकारनंच पाठवावीत, आणि जरा भुकेली पाठवावीत!" जीपमधल्या सगळ्या हसल्या. त्यांत निरीक्षकांची पत्नी होती. निरीक्षकांनी वहीत 'प्रतिसाद वाढता' असं लिहिलं.

७. संदर्भ दोनमध्ये आपण विचारता : आठवडा आठ दिवसांचा असेल, तर बावन्न आठवड्यांचे चारशे सोळा दिवस होतात; वर्षाबाहेरच्या एक्कावन्न दिवसांची फी कोणत्या खात्यात भरली? अर्जदारानं यावर तीन रात्री विचार केला. ते दिवस अर्जदाराला अद्याप लाभलेले नाहीत. लाभताच फीसह जमा करील.

८. थट्टा बाजूला. आठांतला एकच सोमवार आमचा असतो. बाकी प्रत्येक सोमवारी दुसऱ्या गावाची पाळी. तिथल्या बायकांच्या पोटावर पाय देऊन आमच्या बायका इथं बसणार नाहीत आणि तिथल्या बायका आपली पाळी सोडून आमच्याकडे येणार नाहीत. दोन महिन्यांत मॉसिंत्यू पाळीतून गळेल आणि राहिलेले सात बाजार आमच्यावाचून फिरू लागतील. गळलेल्या गावाला परत घेतल्याचं इथं कुणी ऐकलेलं नाही. मग पंचेचाळीसही नाहीत.

९. काल सत्तावीस जणी जमल्या. काँग त्रिना म्हणाली, "बाबू, लिहा. छप्पर नको म्हणावं. दिवस तेवढा आमचा आम्हाला ठेवा." अर्जदार म्हणाला, "काँग, छपरासाठी मी अकरा वर्षं लिहितोय." ती म्हणाली, "म्हणून तर सांगते. आता दुसरं लिहा."

सबब विनंती की आदेश रद्द व्हावा. बदल्यात आम्ही छपराची मागणी कायमची सोडतो. बावन्नचा आकडा आपण खुशाल ठेवावा. बाराव्या शेऱ्यावर अर्जदार निमूट सही करील. ते सात बाजार आपल्या पुस्तकात भरत राहू देत. तिथं पाऊस पडत नाही.

आपला नम्र, पंचेचाळीस बाजारांचा कारकून,
(सही) हॅम्बोर खोंगवीर
मॉसिंत्यू, २४ मार्च

सोबत : (१) चाचणी सोमवारचं पावतीपुस्तक, कोरं. (२) सत्तावीस सह्या. कागदाला मासळीचा वास आहे, क्षमस्व. (३) छपराचे अकरा अर्ज, मागे घेत असल्याच्या शेऱ्यासह.