कोबीवरचं झाकण

उत्तर किनारा, ३ ऑक्टोबर २००२

ती. ताइसियाताईस,
वर्लामचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे. नौदलाचा जुना साठा आम्ही मोकळा करतो आहोत. पाणबुड्यांतलं वापरून झालेलं अणुइंधन. हात लावायचा नाही, सगळं यंत्राने उचलायचं. काल एका कोठडीत इंधनाच्या नळकांड्यांवर थाळीएवढी पोलादी झाकणं दिसली. ताई, आपल्या आंबवलेल्या कोबीवर दाबायला असतं ते तसंच ना? बाबा इथे नोकरीला होते तेव्हा सुट्टीवर येताना आणलेलं? त्याला शिवू नकोस. कोबी खाऊ नकोस. तालुक्याहून किरणं मोजणारा बोलाव. काय आधी लिहू, काय नंतर, सुचत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा
वर्लाम

झारेच्ये, १९ ऑक्टोबर

चि. वर्लामला ताईचे आशीर्वाद.

शिवू नकोस म्हणे! पिंप स्वयंपाकघराच्या दारातच आहे, मी काय उडत जाऊ? तुझं पत्र यायच्या आधीच पोक्रोवच्या सणाला अख्ख्या गल्लीने तो कोबी खाल्ला. अगाफ्याकाकूने तर डबा भरून नेला. तिला आता काय सांगू? आई जन्मभर तोच खात पंचाहत्तरीला पोचली आणि बाबा एकेचाळिसाव्या वर्षी गेले. हे गणित तूच मांड, शहाण्या.

मोजणारा येऊन गेला. पिंपाला, झाकणाला, माझ्या हातांनाही यंत्र लावलं. म्हणाला, आजी, माझ्या घरच्या ताटापेक्षा हे स्वच्छ आहे. झाकणाच्या काठावर ४१७ आकडा आहे. मला तर काहीच उमगत नाही.

जेवत जा. तुझी काळजी करायला दुसरं कोण आहे?

ताई

उत्तर किनारा, ६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

देवाची कृपा, तुम्ही सगळे सुखरूप. इथल्या कोठाराच्या जुन्या वहीत ४१७ सापडला. ते झाकण नळकांड्यावर कधी बसलंच नव्हतं. कोठारातून कोरंकरकरीत दिलेलं, घेणारा म्हणून बाबांची सही. इथले म्हातारे सांगतात, तेव्हा वापरलेली झाकणं अंगणात उघडी पडलेली असायची. लोक खुशाल घरी न्यायचे. बाबांनी मात्र अर्ज करून नवं मागितलं.

म्हणजे ताई, त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून सुट्टी संपली की ते परत जायचे, आणि आपल्याला सांगायचे, तिथे मासे फार छान मिळतात.

रविवारी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मेणबत्ती लावली आणि नुसताच उभा राहिलो. आभार मानू की भांडू, कळेना. तू मोठी आहेस. काय म्हणायचं असतं अशा वेळी, ते लिही. तोवर मी रोज जाऊन उभा राहीन.

तुझाच
वर्लाम