विंगेतला वारसा

मी, या घरात राहणारी, व्यवसायाने नाटकाची प्रॉम्प्टर, वयाने सत्तरीला टेकलेली, लिहून ठेवते की आज माझं डोकं पूर्णपणे ठिकाणावर आहे. हृदय कुरकुरतं, पण मृत्युपत्राला त्याची गरज नाही. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उलट दबाव मीच आणणार आहे, माझ्या एकुलत्या एक लेकीवर. कसला, ते पुढे येईल.

पहिलं, घर. कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते लेकीचं. कपाटाचं दार ओढलं की हातात येतं, हे तिला माहीत आहे.

दुसरं, हत्यारं. लाल कागद लावलेली विजेरी आणि विंगेतलं स्टूल नव्या प्रॉम्प्टरला. त्याने स्टुलावर उशी घेऊ नये, डोळा लागतो. आमच्या नायकांनी मुलाखतीत सांगितलं की त्यांना आयुष्यात कधी प्रॉम्प्टर लागला नाही. त्यांच्यासाठी मी माझं मौन ठेवते. आजवर पाळलं, यापुढे आपोआप पाळलं जाईल.

तिसरं, धाकटे दीर. माझा नवरा रंगमंचावरचे दिवे सांभाळायचा. तो एचआयव्हीने गेला. तपासणीत मी आणि चार वर्षांची लेक, दोघीही बाधित निघालो. लेकीला गोळ्या सुरू झाल्या, मी मात्र एकही गोळी न घेता धडधाकट. दीर चारचौघांत म्हणाले, "भाऊ गेला आणि वहिनी टुणटुणीत. रोग कोणी आणला ते दिसतंच आहे." मग त्यांच्या घरात माझ्यासाठी वेगळा कप आला. तो मी त्याच दिवशी पर्समध्ये घालून आणला आणि आजवर त्यातच चहा प्यायले. तो त्यांना परत द्यावा. विसळून.

चौथं, माझं शरीर. मी धडधाकट का, हे शोधायला संशोधक डॉक्टरीणबाईंनी वर्षानुवर्षं माझं रक्त काढलं. शरीरात पहारेकरी पेशी असतात, त्या विषाणू ओळखून लढणाऱ्या पेशींना शिकवतात. माझ्या पहारेकऱ्यांमध्ये एक आरएनए भरपूर सापडला. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तो नुसता पेशीतल्या जनुकांना सांगतो, कोणी कधी कामाला लागायचं. "अहो, म्हणजे प्रॉम्प्टर!" मी ओरडले. डॉक्टरीणबाईंची सुई हलली, हात आठवडाभर काळानिळा होता, पण मला माझ्या शरीराचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

आता त्या हाच आरएनए दुसऱ्या रुग्णांच्या पहारेकऱ्यांमध्ये घालून बघतात, अजून फक्त प्रयोगशाळेत. काही जागे होतात, काही जांभया देतात. का, ते कळायला माझ्या लिम्फच्या गाठी हव्यात, कारण ती शिकवणी तिथे चालते. इतक्या गाठी जिवंतपणी काढता येत नाहीत, आणि मेल्यावर काही तासांतच घ्याव्या लागतात.

लेक म्हणते, "आई, मी तुझ्यापाशी बसू की तुला लगेच त्यांच्या हवाली करू? तुला कोणी कापलेलं मला सहन होणार नाही."

बाळा, तू पोटात असताना विषाणू मी तुला दिला, नकळत. त्याला आवरणारं जे माझ्यात आहे, ते मात्र देता आलं नाही. मी हसत असते, पण हे मला फार लागलेलं आहे. या गाठींतून तुझ्यासाठी औषध निघेलच, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण माझ्या शरीरातून हा एकच वारसा मी तुला जाणूनबुजून देऊ शकते.

आधी बस माझ्यापाशी. हात धर, रड, भांड. मग दार वाजेल. डॉक्टरीणबाई विचारतील. तुझं वाक्य एका शब्दाचं आहे: "घ्या." तेव्हा मी विंगेत नसेन, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पाचवं, आत्ता घडलेलं. हे सगळं साक्षीदारांना वाचून दाखवत होते, तेव्हा लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आई, इतक्या मोठ्याने कोणी प्रॉम्प्ट करतं का? शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."

मी म्हटलं, "मग पाठ झालं का?"

तिने ट्रे खाली ठेवला. दोनदा अडखळली. मी मदत केली नाही. तिसऱ्यांदा तिने तो शब्द म्हटला.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिवस: सोमवार, तीन मार्च, नाटकाला सुट्टी
सही: प्रॉम्प्टर
साक्षीदार: १. नाटक कंपनीचा टोपवाला (नटांना केसांचे टोप चढवणारा)
२. खालचा कुलूपवाला (डोळे पुसलेल्या हाताने सही केल्यामुळे शाई पसरली आहे, पण सही त्याचीच)